नवव्या चाकूची स्प्रिंग

खटकामावशींच्या हातात मिटता चाकू दिला की त्या आधी तो कानाशी नेतात. पातं उघडतात, मिटतात आणि वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा करून निकाल देतात, "ह्याला सर्दी झालीय," नाहीतर "ठणठणीत आहे, उगाच आणलात." चाकूच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी स्प्रिंगा बसवल्या. मिटत्या चाकूच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते. पातं उघडं असलं की ती त्याला मिटू देत नाही आणि मिटलं की आपलं आपण उघडू देत नाही. ती नीट बसली तर उघडताना ‘खट्’ असा एकच स्वच्छ आवाज येतो. तो खटका मावशींच्या हातचा, म्हणून त्या खटकामावशी. ह्या नावाचा आपल्या स्वभावाशी काडीचाही संबंध नाही, असं त्या ठणकावून सांगतात. काका, म्हणजे त्यांचे यजमान, ह्यावर काही बोलत नाहीत. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

कारखाना बंद पडला आणि बंद पडल्याबरोबर लोकांना तो फार आवडू लागला. चालू होता तेव्हा चाकूची किंमत सिनेमाच्या दोन तिकिटांएवढी होती, तरी गिऱ्हाईक घासाघीस करायचं. आता तेच चाकू मखमलीच्या डब्यांतून हिंडतात आणि दर वर्षी नवा भाव ऐकून जुनं गिऱ्हाईक हळहळतं. ज्यांनी जन्मात पेन्सिलीला टोक केलं नाही, अशी माणसं भिंग लावून पात्यावरचा छाप वाचतात. न वापरलेल्या चाकूला सर्वांत जास्त पैसे मिळतात, हे कळलं त्या दिवशी मावशी जेवताना मधेच थांबल्या.

"म्हणजे मी चाळीस वर्षं बोटं झिजवली, ती कुणी उघडूच नये म्हणून?"

"भाजी गार होतेय," काका म्हणाले.

तरीही जुन्या वस्तूंचा एक व्यापारी अधूनमधून चाकू घेऊन त्यांच्याकडे यायचा. बाजारात नकली माल आला होता आणि खरं-खोटं नुसत्या कानाने सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मावशी चार ओळींचं पत्र लिहून द्यायच्या. त्या पत्राने भाव दीडपट व्हायचा. मावशी पैसे घेत नसत, फक्त चाकू जरा गंजलेला असला तर तेल लावून परत द्यायच्या आणि व्यापारी घरी जाऊन ते तेल पुसायचा.

एका गोष्टीपुरत्या मात्र मावशी चाळीसहून जास्त वर्षं बेचैन होत्या. कामाला लागल्या त्याच आठवड्यात त्यांच्या हातून नऊ स्प्रिंगा बिघडल्या होत्या. पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम गार केल्यावर, ते पुन्हा हळूहळू तापवतात. त्यावर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळा दिसला की क्षणात बाहेर काढायचं, नाहीतर पोलाद मऊ पडतं. नेमका निळा चढत असताना पलीकडच्या टेबलावर पात्यांवर छाप मारणारा तरुण कशाला तरी खदखदून हसला आणि मावशींनी तिकडे पाहिलं. त्या एका नजरेत नऊ स्प्रिंगा गेल्या आणि एक नवरा आला. सौदा बरा झाला की वाईट, हे मावशींनी अजून जाहीर केलेलं नाही.

त्या आठवड्यात नेहमीचं लाकूड संपलं होतं, म्हणून त्या नऊ चाकूंना हाडाच्या पांढऱ्या मुठी बसल्या. नवे असताना खटका बरा वाजला आणि माल विकला गेला. महिन्याभराने एका माळ्याचं बोट कापलं. तो चाकू परत आला तेव्हा मालक म्हणाला, "होतं असं, सोडून दे." मावशींनी सोडलं नाही. पांढरी मूठ दिसली की त्या माणसाच्या मागे लागायच्या. दवाखान्याच्या बाकावर संत्रं सोलणाऱ्या म्हाताऱ्याला गाठला, बँकेत दोरे कापणाऱ्या रोखपालाला गाठला. एक तबलजी तर त्यांना चोर समजून अर्धा रस्ता पळाला. मावशी त्याच्यामागे धावल्या, नवी स्प्रिंग बसवून दिली आणि वर एवढं घाबरल्याबद्दल त्यालाच चार शब्द सुनावले. असे आठ चाकू त्यांनी फुकट दुरुस्त केले. नववा सापडत नव्हता.

तो एका दुपारी व्यापाऱ्याच्या खिशातून निघाला. सोबत गिऱ्हाईकही होतं, दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे तीनशे चाकू होते आणि फळ कापायला बायकोची विळी.

"मावशी, पांढरी मूठ!" व्यापारी बसायच्या आतच म्हणाला. "बाकी सगळ्यांच्या स्प्रिंगा कुणीतरी बदलल्यात. मुळातल्या अवस्थेतला जगात हा एकच. अडीच लाख! तुमचं पत्र तेवढं हवं."

"कुणीतरी म्हणजे मीच," मावशी म्हणाल्या. त्यांनी पातं उघडलं. आवाज आला तो ओल्या काडीसारखा. मावशींचा चेहरा असा उजळला की व्यापाऱ्याला वाटलं, झालं काम. "हाच तो! अहो, आणा जरा ती कानस आणि हातोडी."

व्यापाऱ्याने चाकू असा झडप घालून हिसकावला, जणू कुणी त्याचं मूलच पळवतंय.

"मावशी, हात जोडतो! दुरुस्त केलात तर ह्याचे पंचवीस हजारसुद्धा येणार नाहीत. बिघडलाय म्हणून तर किंमत आहे!"

"माझं काम बिघडलं त्याला अडीच लाख, आणि बरोबर झालं त्याला पंचवीस हजार?"

"बाजार आहे, मावशी."

"बाजाराला म्हणावं, डोकं तपासून घे. अरे, ह्याने कुणाचं तरी बोट जाईल."

"हा कपाटात राहणार आहे," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी फक्त रोज काढून बघेन."

"घरात चाकू असला की तो कधीतरी कुणीतरी वापरतंच. मी ह्याला खरा म्हणून सही करू आणि पुढे कुणाचं रक्त निघालं तर ते माझ्या सहीखाली निघेल." मावशींनी टोपलीतलं सफरचंद डॉक्टरांपुढे ठेवलं. "ह्याच चाकूच्या टोकाने मधल्या बिया काढून दाखवा. जमलं तर आत्ता सही करते."

सही नाही तर सौदा नाही. व्यापाऱ्याने नाइलाजाने चाकू दिला. डॉक्टरांनी सफरचंदाचे दोन भाग केले. पातं दाबून कापताना काही होत नाही, हे मावशींना ठाऊक होतं. मग डॉक्टरांनी टोक बियांत खुपसून वर उचललं, आणि पातं मागे पडून थेट त्यांच्या बोटांवर मिटू लागलं. ते अर्ध्यावर यायच्या आत मावशींनी ते पाठीकडून चिमटीत धरलं होतं. आईने पळत्या कार्ट्याचा कान धरावा तसं. चिमूट तयारच होती. ते कधी मिटणार, हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं.

डॉक्टरांनी आपली बोटं एकेक करून पाहिली.

"ह्या बोटांवर माझं पोट आहे," ते हळूच म्हणाले. "करा, मावशी. मी ठरलेल्या भावालाच घेतो."

"डॉक्टर, उद्या विकायला गेलात तर..."

"विकायला कशाला जाऊ? तुला काय तोटा आहे? पैसे मिळतायत ना?"

व्यापाऱ्याला तोटा काहीच नव्हता, तरी त्याला पाहवेना. मावशींनी खिळे काढले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशींनी पोलादाच्या नव्या पट्टीवर कानस चालवली, ती लाल केली, तेलात बुडवली, घासून चकचकीत केली आणि पुन्हा मंद आचेवर धरली. काका दारात उभे होते. त्यांना खोकला आला, तर तोसुद्धा त्यांनी गिळला. पिवळा, जांभळा, निळा. मावशींची पापणी लवली नाही.

तास-दीड तासाने चाकू डॉक्टरांच्या हातात गेला. खट्. त्यांनी मिटला, पुन्हा उघडला. खट्. तीनशे चाकूंच्या मालकाला चाकू म्हणजे काय, हे बहुधा तेव्हा कळलं. सहा-सात वेळा खटका वाजवून त्यांनी उरलेल्या अर्ध्या सफरचंदाच्या बिया काढल्या, अगदी दाढ काढावी तशा, आणि पहिली फोड मावशींना दिली. दुसरी व्यापाऱ्यापुढे केली. सव्वादोन लाखांना पडलेली ती फोड त्याने उलटसुलट करून पाहिली आणि मग खाल्ली.

जुनी स्प्रिंग मावशींनी पाकिटात घालून डॉक्टरांना दिली. "ही ठेवा कपाटात, हवी तेवढी बघा. एकटीने ती कुणाचं काही वाकडं करत नाही." मग चष्मा चढवून त्यांनी पत्र लिहिलं. चाकू खरा आहे. स्प्रिंग चुकली होती, ती चूक माझी. आज दुरुस्त केली, आता बिनधास्त वापरा.

व्यापाऱ्याने ते खांद्यावरून वाचलं.

"मावशी, तेवढा ‘चूक’ शब्द काढता का? पत्रात बरा दिसत नाही."

"काढते की. मग खालची सहीपण काढते."

व्यापाऱ्याने पत्राची काळजीपूर्वक घडी घातली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.