डोंगरगाडीतला नैवेद्य

देवीला बरोबर घेऊन निघालो आणि देवीनंच पाठ फिरवली की काय, असं त्या सकाळी माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? आलंच.

तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आता मोजकीच उरलीत, पण आमच्या घरचा एक नेम अजून टिकून आहे. शुक्रवारी देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालत नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना एकच हौस होती. निलगिरीच्या लहान गाडीनं डोंगर चढायचा, वरची गावं बघायची आणि संध्याकाळी बसनं खाली उतरायचं. तिकिटं मिळाली ती नेमकी शुक्रवारची. मुलं चेन्नईला, मग घरी नैवेद्य दाखवणार कोण? सासूबाई करायच्या तसा देवीचा चांदीचा टाक पितळी डब्यात तांदळात ठेवला आणि तिलाच घेऊन निघालो. नैवेद्याला सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे. ह्यांना मधुमेह, त्यामुळे घरात गोड शिजतच नाही. देवीलाही आमच्याबरोबर पथ्य!

रात्रीची गाडी उशिरा पोचली. मेट्टुपाळयमला घाईघाईनं आंघोळी उरकल्या. मी ह्यांना इन्सुलिनची सुई टोचली, आणि आता नैवेद्य दाखवून खायला देणार, तोच डोंगरगाडी सुटायची वेळ झाली. डब्यात बसल्यावर म्हटलं, "इथंच दाखवते." पण हे कसले ऐकतात! "लोकांच्या चपलांत देवीला वाढतेस? पुढे इंजिन पाणी घ्यायला थांबेल, तिथं उतरून दाखवू." मलाही ते पटलं. सुई टोचलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये हे काय मला ठाऊक नव्हतं? पण नेम मोडायची छाती झाली नाही.

गाडी दातेरी रुळांवरून खडखडत चढायला लागली. खाली दरी, वर झाडी, मधूनच पाण्याची धार. हे खिडकीला चिकटून बसले होते. एका बोगद्यातून बाहेर पडलो आणि गाडी थांबली. पुढे रुळावर दगड आले होते. ते हटवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, उतरायला जागाच नाही. फोनही लागेना.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हे गप्प झालेत. एवढ्या गारव्यात कपाळावर घाम, बोटं थरथरताहेत, नजर कुठेतरी भलतीकडेच. ह्यांची साखर उतरली होती. समोरच्या जोडप्यानं लगेच चॉकलेट काढून दिलं. मी ते ह्यांच्या ओठांशी नेलं, तर ह्यांनी दात घट्ट आवळले.

"नैवेद्य झाला नाही," एवढंच पुटपुटले.

"मरू दे तो नैवेद्य!" मी ओरडले. शुक्रवारी, देवीचा डबा मांडीवर घेऊन! मग तांदळात बोटं खुपसून टाक चाचपला आणि म्हटलं, "आई, तुला जेवायला उशीर झाला म्हणून माझा माणूस नेऊ नकोस." हे एका बाजूला कलायला लागले होते. मी हाका मारत होते, पण त्यांना माझी ओळख पटत होती की नाही कुणास ठाऊक.

पलीकडच्या बाकावर एक पाट्टी, म्हणजे तमिळ आजी, बसली होती. आमच्या बोलण्यातला नैवेद्य तिला कळला असावा. ती उठली, पिशवीतून पळणीच्या मुरुगनाच्या देवळातल्या पंचामृताचा डबा काढला, त्याचं झाकण उघडलं आणि ह्यांच्यासमोर वाकून तमिळमध्ये म्हणाली, "तुमची देवी जेवायची आहे ना? आमचा मुरुगन जेवलाय. हा त्याचा प्रसाद. प्रसादाला नाही म्हणतात का?"

प्रसाद हा शब्द कानावर पडला मात्र, ह्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला आणि डावा त्याच्याखाली गेला. देवळात धरतात तसाच. शुद्ध हरपत होती, पण हात विसरले नव्हते. पाट्टीनं तळव्यावर पंचामृत घातलं, मी तो तळवा त्यांच्या तोंडाशी नेला. केळं, गूळ, मध, तूप. त्यांनी चाटलं. पुन्हा घातलं, पुन्हा चाटलं. मी नुसती घामाकडे बघत होते. बऱ्याच वेळानं तो सुकला, नजर माझ्यावर ठरली, आणि हे म्हणाले, "काय गं, रडतेस कशाला?" मग तर मी हमसून हमसून रडले. डब्यातल्या सगळ्यांसमोर!

त्यानंतर मी ह्यांना सुंडलही भरवलं. आम्हा दोघांपैकी एकानंही नैवेद्याचं नाव काढलं नाही. गाडी हलली, पाण्याच्या थांब्यावर पोचली. हात धुतले, झऱ्याकाठच्या दगडावर देवीला तांदळातून काढून बसवलं आणि मग पंचाईत झाली. उरलं होतं ते सगळं उष्टं. पाट्टीचा डबाही तसाच, बोटं लागलेला. मी ह्यांच्याकडे बघितलं. चपलांचा विटाळ मानणारा हा माणूस, डोळे भरून आले होते त्याचे.

"दाखव," म्हणाले. "आपण खाईपर्यंत ती थांबलीय."

मी डोळे मिटून ते उष्टंच दाखवलं. पाट्टीनं शेजारी उभं राहून हात जोडले. एवढी वर्षं मी देवीला पाहुण्यासारखं आधी वाढत आले. ती घरचीच बाई आहे, सगळ्यांचं झाल्यावर आपलं पान मांडणारी, हे मला डोंगरात कळलं. आता शुक्रवारी सुई टोचली की हे आधी खातात. मग मी देवीचं पान वाढते, आणि आम्ही दोघी जेवतो.