मुन्सिफला हसू आवरत नाही

मुन्सिफला भीती वाटली की हसू यायचं. अगदी लहानपणापासून. शाळेत मास्तरांनी पट्टी उगारली की हा खुदखुदायचा आणि दुप्पट पट्ट्या खायचा. त्याची आई रहमा लराश या बंदराच्या गावी बाजारात कमानीखाली बसून मसेमेन भाजायची, म्हणजे लोण्यातल्या चौकोनी घडीच्या पोळ्या. कुणी तिच्या मुलाच्या धाडसाचं कौतुक केलं की ती पोळी उलटत म्हणायची, "कसलं धाडस? जितकं हसतंय तितकं घाबरलंय ते."

पायात मात्र जादू होती. बंदरामागच्या वाळूत फुटबॉल खेळून तो असा तयार झाला होता, की समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा तो त्याला पत्ता लागू न देता. सतराव्या वर्षी तो गावच्याच लुक्कूस क्लबच्या निवड चाचणीला गेला. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, पण पगारी. प्रशिक्षक सी बूश्ता, म्हणजे बूश्तासाहेब, यांचा आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्यांनी रांगेतल्या पोरांवर पहिली डरकाळी फोडली आणि मुन्सिफच्या तोंडून फिसकन हसू सुटलं.

"काय रे, मी तुला विदूषक वाटतो?"

"नाही, सी बूश्ता."

"मग हसतोस कशाला?"

यावर तर तो पोट धरून खालीच बसला. अर्थातच घरी पाठवला गेला. महिन्याभराने परत गेला, परत हाकलला गेला. तिसऱ्या खेपेला रहमानेच त्याच्या तोंडावरून मफलर घट्ट बांधला. "दाढ दुखते म्हणून सांग," ती म्हणाली, "आणि गप खेळ."

तासभर तो मफलर बांधून डाव्या बाजूला खेळला आणि एकही जण त्याला ओलांडून गेला नाही. शेवटी मफलर सुटून गळ्यात आला. बूश्ता चालत जवळ आले.

"दाढ बरी झाली वाटतं."

मुन्सिफ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बूश्तांनी मफलर सोडवून त्याच्या हातात दिला. मग आपल्या मदतनिसाला म्हणाले, "नाव लिहून घे याचं. आणि मी ओरडत असलो की याला माझ्या पाठीमागे उभा करत जा."

वर्षभर तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. मग एका शनिवारी सकाळी संघाचा नेहमीचा डावा बचावपटू उठला तो दोन्ही गाल फुगवून. गालगुंड. आणि दुपारी सामना होता गटात पहिल्या असलेल्या संघाशी. त्यांचा आघाडीचा खेळाडू शौकी चौतीस वर्षांचा होता, कधीकाळी देशासाठी खेळलेला, केस काळेभोर रंगवणारा. ऊन रणरणत होतं. विसाव्या मिनिटाला शौकीच्या कानामागून रंगाचा एक ओघळ मानेवर उतरला, आणि नेमकी तेव्हाच मुन्सिफला हसण्याची उबळ आली.

"दात कशाला काढतोस?"

"भीती वाटते म्हणून, सी शौकी. खरंच."

"माझी?"

"तुमची, पंचांची, सगळ्यांचीच."

शौकीने मानेला हात लावला. बोटं काळी झाली. त्याने मुन्सिफला असा काही ढकलला की पंचांनी लगेच पिवळं कार्ड काढलं. त्यानंतर शौकी चेंडूमागे कमी आणि मुन्सिफमागे जास्त धावू लागला. सामना शून्य-शून्यवर अडला. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना मुन्सिफचा पाय शौकीच्या पायात अडकला आणि दोघंही गोलासमोर आडवे झाले. पेनल्टी.

शौकीने चेंडू मांडला. मागे मुन्सिफ गुडघ्यांवर हात टेकून गदगदा हसत होता. मनात मात्र तो म्हणत होता, पहिल्याच सामन्यात गावाला बुडवलं, उद्या आई बाजारात तोंड कसं दाखवणार. शौकीने एकदा मागे वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग धावत येऊन त्याने अशी लाथ मारली, की चेंडू गोलावरून, प्रेक्षकांवरून थेट बर्फाच्या कारखान्याच्या आवारात. प्रेक्षक कठडे ओलांडून आत आले. मुन्सिफला खांद्यावर घेऊन त्यांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि तो वर बसून, पडायच्या भीतीने, हसतच होता.

आठवड्याने राजधानीहून फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. ज्येष्ठ खेळाडूची टिंगल केल्याची तक्रार झाली होती, शिस्त समितीपुढे हजर राहायचं होतं. बूश्ता मुन्सिफला घेऊन निघाले. बसथांब्यावर रहमा टोपली घेऊन आधीच उभी.

"लल्ला रहमा, तुम्ही कुठे?" बूश्तांनी अदबीने विचारलं.

"तुम्ही दोघं बोललात तर पोराला जन्मभर घरी बसवतील," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

समितीचे अध्यक्ष जाड चष्म्याचे निवृत्त न्यायाधीश होते. समोर शौकी बसला होता, कोट घालून. अध्यक्षांनी कागद उचलला. "तुमच्यावरचा आरोप गंभीर आहे."

मुन्सिफला हसू फुटलं. बूश्तांनी कपाळाला हात लावला.

"बघा," शौकी उठून म्हणाला, "बघून घ्या."

रहमाही उठली. "साहेब, हा असाच आहे. सुंतेच्या दिवशी इतका हसला की न्हाव्याचा हात थरथरायला लागला. शेवटी न्हावीच म्हणाला, बाई, आज राहू दे, मला माझीच खात्री वाटत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेजारच्या सदस्याने तोंड फायलीत घातलं. शौकी मुन्सिफकडे निरखून पाहत होता.

"म्हणजे खरंच घाबरला होतास तू?"

"वल्लाह, सी शौकी. माझ्या पलंगाजवळच्या भिंतीवर तुमचा फोटो होता."

"कधीचा?"

"मी सात वर्षांचा असतानाचा."

"आणि त्यात केस कसे होते माझे?"

मुन्सिफने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "असेच. काळेभोर."

सगळ्यांत आधी हसला तो शौकी. मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. दहा मिनिटांनी अध्यक्षांनी डोळे पुसत निकाल लिहिला: शिक्षा नाही, मात्र यापुढे क्लबने पंचांना सामन्याआधी याच्या हसण्याची कल्पना द्यावी. रहमाने टोपली उघडली. शौकीने मधात बुडवून तीन पोळ्या खाल्ल्या आणि जाताना मुन्सिफच्या कानात सांगितलं, "डाव्या पायाने मारणाऱ्याला आत येऊ देऊ नकोस, बाहेर ढकलत ने. त्या दिवशी तू मला दोनदा आत सोडलंस."

त्यानंतर मुन्सिफची जागा कुणी घेतली नाही. गालगुंडवाला बरा होऊन आला तो बाकावरच बसला. मे महिन्यात लुक्कूस क्लब पहिल्या श्रेणीत चढला, परगावच्या मैदानावर, एक-शून्यने. परतताना नदीच्या पुलावर बस अडली. पुढे लग्नाची वरात होती, ढोल आणि सनया पूर्ण रस्ता अडवून. बूश्ता भोंग्याच्या आवाजात ओरडायला उतरले आणि पाचव्या मिनिटाला नवरीच्या मामाच्या हातात हात घालून नाचू लागले. मग सगळेच उतरले. नवरीने मोटारीची काच खाली करून मुन्सिफला विचारलं, "कोण जिंकलं आज?"

"आम्ही."

"मग चला की घरी जेवायला."

नाचून झाल्यावर बसचा चालक खिसे चाचपू लागला. किल्ली कुठेतरी वरातीत पडली होती. कुणी शोधायच्या मनःस्थितीत नव्हतं. बस कडेला ढकलली, आणि अख्खा संघ बूट गळ्यात अडकवून, ढोलाच्या मागे, उतरत्या उन्हात पायी गावात शिरला.