दारातली धून

माझे धाकटे दीर खिळ्यांच्या कारखान्यात यंत्रांवर सव्वीस वर्षं होते. तिथे तारेचं भेंडोळं यंत्रात एका बाजूनं शिरतं आणि दुसऱ्या बाजूनं खिळे पडत राहतात. अशी चाळीस यंत्रं एका छपराखाली. मी एकदाच, त्यांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला गेले होते. फाटकापाशीच छातीत धडधडायला लागलं. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं, पण ती पायाखालची जमीन होती.

कारखान्यात त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि लाकडी मूठ कानाला, असं ते प्रत्येक यंत्र तपासायचे. साचा झिजायला लागला की ठोका बदलतो म्हणे. बाकीच्यांना खिळे वाकडे पडायला लागल्यावर कळायचं, भाऊजींना त्याच्या अर्धा तास आधी. कानात घालायचे रबरी बोळे सगळ्यांना मिळत, यांचे मात्र डबीत तसेच. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, बोळे घातले तर पेशंटची नाडी कशी बघू?" मुकादमही त्यांना कधी घाला म्हणाला नाही. त्याला हे कान हवेच होते.

भाऊजींनी लग्न केलं नाही. स्वयंपाकघराला लागून त्यांची खोली, तीत एक खाट आणि एक खुर्ची. पेन्सिल कायम कानावर. पाळी संपवून आले की तासभर कोणाशी बोलायचे नाहीत. हे म्हणायचे, "त्याच्या डोक्यातली यंत्रं थांबायला वेळ लागतो. थांबली की येईल बाहेर."

रविवारी दुपारी दीड वाजता रेडिओवर प्रवचन लागायचं. ते माझं. बाकी आठवडाभर घरात ज्याला जे हवं ते ऐको, रविवारचा अर्धा तास माझा असे. भाऊजींचा देवावर फारसा विश्वास नाही, पण ते त्या अर्ध्या तासाला न चुकता माझ्यासमोर येऊन बसायचे. मला पहिली दोन वर्षं वाटत होतं की देवानं त्यांना सुबुद्धी दिली. पुढे कळलं की त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. प्रवचनकार वयस्क होते, दम लागायचा, कधी कधी दोनला चार-पाच मिनिटं कमी असतानाच आटपायचे. मग दोनच्या बातम्या लागेपर्यंत रेडिओवाले नुसती वाद्यं वाजवायचे. कोण वाजवतंय, काय वाजवतंय, काही सांगायचे नाहीत. वेळ भरायचा म्हणून वाजवायचे, आणि दोन वाजले की मध्येच कापायचे.

त्या कापलेल्या तुकड्यांच्या भाऊजी प्रेमात होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. गाणी त्यांना आवडत नसत. "माणूस तोंड उघडतो आणि सगळं सांगून टाकतो," म्हणायचे. त्यांना शब्द नसलेलं हवं असायचं, तेही सगळंच नाही. मोजून तीन धुना. नावं ठाऊक नव्हती म्हणून त्यांनीच ठेवली होती. एक जिन्यातली, त्यात म्हणे कोणीतरी जड कपाट खाली उतरवतंय आणि मध्येच टेकून दम खातंय. दुसरी बंद दुकानाची. आणि तिसरी दारातली.

दारातली व्हायोलिनवर होती. भाऊजी सांगायचे, "कोणीतरी दाराशी येऊन उभं आहे, वहिनी. बेल वाजवत नाही, परतही जात नाही. दोनदा हात वर नेतं, पुन्हा खाली घेतं. तिसऱ्यांदा नेतं, आणि तेवढ्यात बातम्या."

"मग आत येतं का ते?"

"तेच तर."

सात वर्षांत त्यांनी दारातली एकूण नऊ वेळा ऐकली, नऊही वेळा अर्धी. आकाशवाणीला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकाचं आलं, आपल्या पसंतीबद्दल आभारी आहोत असं. एकदा रजा टाकून स्वतः गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "साहेब, ते वेळ भरायला लावतात. त्याला नाव कुठलं असायला?" भाऊजी त्याला गुणगुणून दाखवणार होते, पण मागे रांग होती.

प्रवचन सुरू झालं की मी त्यांना चिडवायची, "आज बोलणाऱ्यांचा खोकला वाढू दे अशी प्रार्थना करताय ना?"

"तुमचा देव ऐकतो का तसलं?"

"मनापासून केली तर ऐकतो."

"मग तुम्हीच करा. तुमची ओळख जुनी."

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली. मग माझी हाक. ह्यांचं बोलणं कळायचं, माझं नाही. कानाच्या डॉक्टरांनी खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर उतरत जाणारी एक रेघ दाखवली. म्हणाले, "बारीक आवाज बरेच गेलेत. बायकांचे, मुलांचे आवाज, घंटी, असे. जे उरलेत ते टिकवायचे असतील तर कानाला आराम द्या. मोठ्या आवाजापासून लांब राहा."

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "मग कारखान्याचं काय?"

"काय म्हणजे? त्याला दुसरं येतं काय?" हे म्हणाले. "जाणं तर भागच आहे. घरात आपण काळजी घेऊ."

भाऊजी खाली बघत होते. काही बोलले नाहीत, आणि आम्हीही त्यांचं न बोलणं होकार धरलं.

घरात आम्ही काळजी घेतली. काळजी घेण्यात मी कोणाला हार जाणार नाही. खुर्च्यांच्या पायांना जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. घड्याळाचे ठोके बंद केले. भांडी फडक्यावर उतरवायची, दार हातानं धरून लावायचं, फोडणी द्यायच्या आधी मधलं दार ओढायचं. आणि रेडिओ उचलून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. दिवसाचे आठ तास हा माणूस चाळीस यंत्रांत उभा, आणि घरी आला की पेला खाली ठेवल्याचा आवाज होणार नाही अशी आम्ही व्यवस्था केली. तेव्हा यात कोणाला काही विचित्र दिसलं नाही. शेजारणीनं तर माझं कौतुक केलं.

भाऊजींनी एकदाच विचारलं, "वहिनी, रविवारचा तेवढा अर्धा तास..."

मी ह्यांच्यासारखा जाड आवाज काढून त्यांच्या कानाशी म्हणाले, "कान बरे झाले की ऐका. पळून जातंय का ते?"

मी देवाला शब्द दिला होता की भाऊजींचे कान सुधारेपर्यंत या घरात रेडिओ लागणार नाही. हा शब्द मी चार आठवडे पाळला. पाचव्या रविवारी प्रवचनाची वेळ झाली आणि माझा जीव राहीना. मनाशी म्हटलं, देवाचं नाव म्हणजे काही गोंगाट नव्हे. हे बाहेर गेले होते, भाऊजी त्यांच्या खोलीत आडवे झाले होते. रेडिओ काढला, स्वयंपाकघरात खाली बसले, अगदी बारीक लावून कान टेकला. मग दर रविवारी हेच. चोरी म्हणायची तर चोरी, पण देवासाठी केलेली चोरी मनाला टोचत नाही.

असाच एक रविवार. मी मोजे रफू करत ऐकत होते. प्रवचन दोनला सहा मिनिटं कमी असताना संपलं आणि व्हायोलिन सुरू झालं. पहिल्या सुरालाच मी ओळखलं. सात वर्षं त्यांच्या तोंडून गुणगुणलेलं ऐकत होते. हात एकदा वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. मी घड्याळ बघितलं. दोन वाजले. बातम्या लागल्या नाहीत. काय घोटाळा झाला असेल देव जाणे, पण ती धून कोणी कापली नाही. पुढे गेली. भाऊजींनी कधीच न ऐकलेला भाग मी ऐकत होते, आणि ते भिंतीपलीकडे, माझ्यापासून पाच पावलांवर होते.

उठून त्यांना हलवायचं, रेडिओ मोठा करायचा, कानाला लावायचा. इतकंच. मी उठले नाही. आधी वाटलं, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, मोठा केला तर अपाय होईल. पण खरं ते नव्हतं. मी उठले असते तर रेडिओ कपाटाबाहेर कसा आला हे सांगावं लागलं असतं. मी देवाला दिलेला शब्द मोडल्याचं ह्यांच्या कानावर गेलं असतं. म्हणून बसून राहिले. धून संपली, थोडा वेळ काहीच वाजलं नाही, मग बातम्या लागल्या. मी रेडिओ फडक्यात गुंडाळून परत साड्यांच्या मागे ठेवला.

रोज झोपायच्या आधी मी वहीत दोन-चार ओळी लिहिते, लग्न झाल्यापासून लिहिते. त्या दिवशीही लिहिल्या.

पुढच्या वर्षाच्या आत भाऊजींचे कान गेले. अगदी पूर्ण नव्हे. दार आपटलं तर दचकतात, ह्यांनी कानाशी ओरडून सांगितलं तर निम्मं कळतं. कारखान्यात एका दुपारी त्यांना बदललेला ठोका कळला नाही. साचा तुटून तुकडा उडाला, शेजारच्या कामगाराच्या गालात गेला. त्यानंतर मुकादमानं त्यांना यंत्रांवरून काढून खिळ्यांच्या पेट्या भरायला बसवलं. तिथली पोरंसोरं अजून 'डॉक्टर' म्हणतात, फक्त आता म्हणताना एकमेकांकडे बघतात. भाऊजी सांगायचे, "मला ऐकू येत नाही, दिसतं की."

तेव्हा कुठे आम्ही रेडिओ कपाटातून काढला. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला लावलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवली आणि दोन-तीन रविवार तसे बसून बघितलं. "ढोल असेल तर कळतो," म्हणाले. "व्हायोलिन नाही." मग उठले आणि परत कधी बसले नाहीत. पुढे रेडिओवाल्यांनीही ती वाद्यं बंद करून मध्ये जाहिराती लावायला सुरुवात केली.

पेट्या भरता भरता ते दारातली गुणगुणत असत, घरी भाजी निवडायला बसले तरी गुणगुणत. सूर आता जागेवर राहत नाहीत, त्यांना स्वतःचं ऐकू येत नाही ना. तिसऱ्यांदा हात वर जातो तिथपर्यंत यायचे आणि थांबायचे. मी ओट्यापाशी उभी असले की त्या थांबण्याला माझ्या हातातलं काम अडायचं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ते असेच थांबले आणि आपणहून म्हणाले, "वहिनी, मला वाटतं त्याला पुढे काही नसणारच. वाजवणाऱ्यानं तेवढंच वाजवलं असेल. दाराशी आलं, हात वर केला, संपलं. आपण उगीच वर्षानुवर्षं बातम्यांना शिव्या घातल्या." हे बोलताना चेहरा निवांत होता. पुष्कळ दिवसांत मी तो तसा बघितला नव्हता.

मी मान डोलावली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तीन वर्षं मी प्रार्थनेला बसले की ते व्हायोलिन मध्ये येत होतं. देवापुढे तोंड उघडवेना. मला वाटलं आता बोलले तर माझं ओझं उतरेल. माझं ओझं, हे महत्त्वाचं. त्यांचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही असं लिहायला लाज वाटते, पण आला नाही.

आमचं बोलणं पाटीवर चालतं. मी पाटीवर लिहिलं, 'पुढे आहे. मी ऐकलंय.'

त्यांनी वाचलं. पाटी माझ्या हातात परत देत म्हणाले, "कधी?"

मी जुन्या वह्यांतून ती वही काढली, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. माझंच अक्षर: 'रविवार. प्रवचन लवकर संपलं. नंतर व्हायोलिन, पूर्ण लागलं. मोज्यांचे तीन जोड रफू केले. भाऊजी झोपले होते.'

ते पान त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग विचारलं, अगदी सावकाश, "आत आलं का?"

मला आठवेना. मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. पाटीवर लिहिलं, 'कळलं नाही. माझा सगळा जीव तुमच्या दाराकडे होता. तुम्ही उठाल याची भीती वाटत होती.' धून कशी संपली, वर जाऊन की खाली येऊन, हळू की एकदम, यातलं एक अक्षर मला सांगता येईना. देवानं ती जिला ऐकवली तिनं ऐकली नव्हती.

भाऊजी रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय तरी धरले असते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिशातला खोडरबर काढला, आणि खिळ्यांच्या पेटीवर चुकलेला आकडा खोडतात तशा निगुतीनं माझ्या वहीतला एक शब्द खोडला. मी शाई वापरत नाही, म्हणून खोडता आला. 'झोपले' खोडून तिथे 'जागे' लिहिलं.

"रविवारी मी झोपत नसे," ते म्हणाले. "दोन वाजेपर्यंत तर नाहीच. नुसता पडलेला असायचो."

वही मिटून माझ्या हातात दिली, पेन्सिल कानावर ठेवली आणि उरलेली भाजी निवडायला बसले. त्यानंतर ते गुणगुणत नाहीत.