पांढऱ्या ताटलीतली वांगी

दौंडला शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घर वडगाव रासाईला, भीमेच्या काठी. होडीनं पलीकडं उतरायचं, पायी नाहीतर बैलगाडीनं केडगाव गाठायचं आणि तिथून आगगाडी. रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शाळेतल्याच एका बाईंनी मला आपल्या खोलीत जागा दिली. त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, ख्रिस्ती, शिरूरच्या मिशनमध्ये वाढलेल्या. एकट्याच राहत. बोलत कमी, पण एकदा बोलल्या की त्यात बदल नसे.

पहिल्याच रविवारी चर्चमधून आल्या आणि म्हणाल्या, "आज चूल पेटवायची नाही. बाहेर जेवायला जाऊ."

मी गडबडले. आमच्याकडं बायका हॉटेलात पाऊल टाकत नसत. हॉटेल म्हणजे बाजाराच्या दिवशी बाप्यांनी चहा-भजी खायची जागा. बाई म्हणाल्या, "पडद्याआड बसायची सोय आहे. कोणी विचारत नाही."

स्टेशनजवळच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, कोपऱ्यात फुलाफुलांच्या कापडाचा पडदा. मालकाला सगळे मामा म्हणत. साठीला आलेला, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत धोतर. भाकऱ्या त्याची बायको थापायची, बाकी सगळं त्याच्याकडं.

त्यानं माझ्यासमोर ताटली ठेवली आणि मी हात मांडीवरच ठेवला.

ताटली पांढरी, चिनी मातीची, कडेला निळी रेघ. मधे वाटीनं पाडलेली भाताची मूद, तिच्यावर कोथिंबिरीचं एकच पान. शेजारी तीन लहान भरली वांगी, तिन्ही एका मापाची, देठ एकाच दिशेला. गाजराच्या पातळ चकत्या एकीवर एक सरकवून त्यांची कमान केलेली. कांदा असा चिरलेला की पाकळ्या उघडाव्यात. एका बाजूला चटणीचा लाल ठिपका. ताटलीच्या काठाचा एक टवका उडाला होता, पण तो माझ्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला होता.

आमच्या घरी जेवण चवीचं असे, त्यात काही कमी नव्हतं. पण पितळीत कालवण, त्यात भाकरी कुस्करायची, कांदा बुक्कीनं फोडायचा आणि उठायचं. वांगी तर आमच्याच रानातली. मी ती पाट्या भरभरून तोडली होती. तरी वांग्याचा रंग एका बाजूला जांभळा आणि देठाकडं फिकट हिरवा होत जातो, हे मला त्या दिवशी दिसलं.

मी ताटली हळूच फिरवून चारी बाजूंनी पाहिली. तेवढ्यात मामा पडद्याशी आला.

"काय बिघडलंय का, ताई?"

"न्हाई," मी म्हणाले. घाबरले की माझी गावाकडची बोली बाहेर पडायची. "कुठनं सुरुवात करावी ते कळंना."

"कुठनं बी करा. मोडायलाच केलंय ते."

बाई खाली मान घालून जेवत होत्या, पण त्या हसत असाव्यात.

त्यानंतर मला चैनच पडेना. कांदा मुळाशी न तुटता कसा चिरतो? चकत्या इतक्या सारख्या कशा? आणि हे सगळं करायचं कशाला, जेवणारा तर पाच मिनिटांत संपवतो. दोन-तीन रविवार गेले आणि मी धीर करून मामाला विचारलं, "मला आत येऊन बघू द्याल का?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "येऊ द्या की. आपल्या चुलीत काय लपवायचंय?"

तेव्हापासून रविवारी जेवणाआधी तासभर मी आत पाटावर बसू लागले. मामा बोलत बोलत हात चालवायचा. रेल्वेच्या बड्या साहेबांचा फिरता डबा असे, त्याला सलून म्हणत. त्या डब्यावर तो कितीतरी वर्षं स्वयंपाकी होता. कांदा आणि गाजर तिथं शिकला. गाडी हलत असताना चिरायला शिकला, म्हणून जमिनीवर उभं राहून चिरणं त्याला फार सोपं वाटायचं.

"आन् भातावर पान?" मी विचारलं. "ते बी साहेबाचं?"

"न्हाई. ते माझ्या आईचं." त्यानं सुरी बाजूला सरकवली. "म्हातारपणी तिची नजर गेली. पार न्हाई, पण धुरकट दिसायचं. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात तिला घावंना. हात फिरवत बसायची. कुणी भरवलेलं तिला खपायचं न्हाई. मग मी वर हिरवं पान ठिवायला लागलो. पान दिसलं की भात. लाल दिसलं की चटणी. देठ समूर दिसला की वांगं तिथनं धरायचं."

"म्हंजी शोभा म्हणून न्हवतं?"

"आधी न्हवतं. नंतर मला पान न्हाई ठिवलं तर चुकल्यागत वाटाया लागलं."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले ते हे सगळं डोक्यात घेऊनच. आबांसाठी, म्हणजे वडलांसाठी, पितळीत मूद पाडली, वांगी ओळीनं लावली, कांद्याच्या पाकळ्या उघडल्या. निम्म्या तुटल्या. भाऊ खो खो हसला. आई म्हणाली, "ही काय भातुकली मांडली? भाकरी गार होतीया." आबांनी मूद हातानं सपाट केली, वर कालवण ओतलं आणि जेवण झाल्यावर एवढंच विचारलं, "एका कांद्याला एवढा येळ?"

मला वाईट वाटलं. पण पितळीच्या पिवळ्या रंगावर काहीच उठून दिसत नाही, हेही कळलं, आणि त्याचाच विचार करत मी परत आले.

पुढं काही महिन्यांनी विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा तुटला, नवा घ्यायला आबा दौंडला आले. रविवार होता. मी त्यांना मामाकडं नेलं. दाराशी ते थबकले, वहाणांची माती दगडावर झाडली, मग आत आले. ताटली आली. मी त्यांच्याकडं बघत बसले.

आबांनी बराच वेळ हात लावला नाही. मग देठाला धरून एक वांगं उचललं, फिरवलं, दुसऱ्याशेजारी धरलं.

"हे सारख्या अंगाचं कुठं घावतं?" त्यांनी मामाला विचारलं.

"घावत न्हाई, पाव्हणं," मामा म्हणाला. "शोधावं लागतं. माळवंवाले वर चांगला माल लावत्यात आन् खाली बारकंसारकं भरत्यात. चार सारखी काढायला सगळी पाटी उपसतो मी."

मी जमिनीकडं पाहिलं. आमच्या घरी पाटी कशी भरतात ते मला ठाऊक होतं. लहानपणी खालचा थर मीच लावायची.

आबांनी वांगी परत ताटलीत ठेवली. सावकाश जेवले. एकेक जिन्नस संपवत गेले, काही कालवलं नाही. जाताना मामाला म्हणाले, "जेवान बरं व्हतं." याहून जास्त मी त्यांना कुणाच्या स्वयंपाकाबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गावचा एक ओळखीचा माणूस शाळेत पाटी घेऊन आला. वर कडुलिंबाचा पाला. "खानावळवाल्याला द्यायला सांगितलंया," म्हणाला. मी पाला बाजूला केला. वांगी लहान, चकचकीत, ओळीनं लावलेली, सगळे देठ एका अंगाला. मी हात घालून तळाची वांगीसुद्धा काढून पाहिली. तीही तशीच होती.

मामानं पाटी ओट्यावर ठेवली आणि बायकोला हाक मारली. दोघं पाटीवर वाकून बघत राहिली. मग ती म्हणाली, "आता ह्यास्नी चिरायचं कसं?"

मामानं खानावळ चालवली तोवर दर हंगामात अशी पाटी येत राहिली. बाजारला मात्र आबा आधीसारखाच माल मिसळून पाठवत. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "बाजार काय ताटलीत बघतो व्हय?"

तीनेक वर्षांनी मामा-मामी पाटसजवळ आपल्या लेकीकडं राहायला गेली आणि खानावळीच्या जागी सायकलचं दुकान आलं. माझी शिरूरला बदली झाली, तिथंच लग्न झालं. आमचे हे वर्तमानपत्र वाचत जेवायचे, घास हातानं चाचपून घ्यायचे. मी रोज काही ना काही मांडायची, त्यांना पत्ता नसे. एकदा काकडी सोलताना तिच्यावर हिरव्या रेघा राखल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, "हे खायचं की बघायचं?"

"आधी बघा," मी म्हटलं.

त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि पूर्ण जेवण ताटाकडं बघत केलं. दुसऱ्या दिवशी पेपर परत होताच.