नाताळच्या कार्डावर काय लिहू

माझी मैत्रीण अकोल्याची. अमरावतीला डी.एड. करताना आम्ही वसतिगृहात एकाच खोलीत होतो. पुढे ती अकोल्यातल्या एका शाळेत लागली, मी अमरावतीजवळच्या वलगावच्या. दोघी पहिली-दुसरीच्या मास्तरणी. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "काहून वं, काय करून राहिली?" असं एकदा सुरू झालं की माझी भाजी खाली लागेपर्यंत ती थांबत नसे. नाताळची गाणी म्हणत घरोघर जाणाऱ्या चर्चच्या घोळक्यात पहिला सूर तिचा असायचा, आणि शाळेतला मधल्या सुट्टीचा गोंधळ तिच्या एका हाकेत थांबायचा.

यंदा पावसाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. मी दवाखान्यात जाऊन आले, घरी आणल्यावरही गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. नंतर मी मोबाइलवर लिहू लागले. मी कितीही लांब लिहिलं तरी तिचं उत्तर एकच, 'बरं'. जेवलीस का? बरं. दुखतं का गं? बरं. माझं डोकं फिरायचं, आणि आजारी माणसावर आपण चिडतोय म्हणून आणखीनच फिरायचं.

डिसेंबर लागला तसं मी ठरवलं, तिला नाताळचं कार्ड पाठवायचं. हातानं लिहून. मोबाइलवर नाही.

कार्ड मिळेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानदारानं आधी लग्नपत्रिकांचे नमुने पुढे केले. "कार्ड आता कोन घेते मॅडम? मोबाइलवर टाकून द्या ना." दुसऱ्या दुकानात वाढदिवसाची कार्डं होती. तिसऱ्यात, वरच्या फळीवरून धूळ झटकत, दुकानदारानं एकच काढून दिलं. बर्फातलं घर, चमकी लावलेली. आत इंग्रजीत छापलेल्या चार ओळी, आणि त्यांच्याखाली माझ्यासाठी उरलेली हातभर कोरी जागा.

त्या जागेनं मला छळलं. आधी कच्चं लिहायला बसले. 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलं, तर चौकातल्या नगरसेवकाच्या फलकासारखं वाटलं. 'धीर धर' लिहिलं आणि खोडलं. धीर तिनं नाही धरला तर कोणी धरला? 'देव तुझ्या पाठीशी आहे' हे तर मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार? देवाशी तिची ओळख माझ्यापेक्षा जुनी. 'तू लवकर बरी होशील' हे खोटं होतं. आवाज काही परत यायचा नव्हता.

रोज शाळेतून आले की बसायची आणि कागद फाडायची. वर्गात मुलांना 'मनातलं लिहा रे' म्हणून सांगणारी बाई घरी दोन वाक्यांसाठी पेन चावत होती. नवरा पेपरामागून म्हणाला, "शुभेच्छा लिही अन् मोकळी हो. तिले समजते तुया मनातलं."

"तिले समजत असतं तर तिनं 'बरं' कशाले लिहिलं असतं?" मी त्याच्यावरच ओरडले.

तो पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. मी तशीच, रागाच्या भरात, कच्चं-बिच्चं काही न करता सरळ कार्डावर लिहिलं. आम्ही दोघी बोलतो तसं.

'नाताळच्या शुभेच्छा देऊन राहिली, पन खरं सांगू का, यंदा मले तुयाही राग आला अन् तुया देवाचाही. तुया आवाज गेला हे तुयं दुःख हाये, मले मालूम हाये. पन मायंही काही गेलं ना वं. तू बरं लिहितं अन् मले रडू येते. बरं नाही हाये. मले लंबं लिही. भांडन लिही. पन बरं लिहू नको.'

वाचून मलाच धसका बसला. हे कार्ड कोणी आजाऱ्याला पाठवतं का? दुसरं कार्ड मिळणार नव्हतं, आणि टपालानं नाताळाआधी पोचेल याचीही खात्री उरली नव्हती. नाताळच्या आदल्या दिवशी रजा टाकली, आणि अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत ते कार्ड न देता नुसतं भेटून यायचं ठरलं होतं. अकोल्याला उतरेपर्यंत ते तीनदा बदललं.

ती खुर्चीत बसली होती. गळ्याभोवती ओढणी, मांडीवर लहानशी पांढरी पाटी आणि पेन. तिचे यजमान करंज्या तळत होते. पलीकडची एक बाई भेटायला आलेली, ती बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश विचारत होती, "का-य म्ह-न-ते तब्येत?" मैत्रिणीनं पाटीवर 'बरं' लिहून दाखवलं. बाई समाधानानं निघून गेली.

पुन्हा तेच 'बरं'. मी पर्समधून कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. कार्ड पालथं ठेवलं आणि उठून आत गेली. यजमान झारा हातात घेऊन दारात आले, "काय झालं?" मी पालथ्या कार्डाकडे बोट दाखवलं. आता संपलं, असं वाटलं.

ती तोंड धुऊन आली. पाटी ओढली आणि लिहू लागली. इतक्या जोरात की पेन किरकिरलं. 'मी बहिरी नाही. सगळे माया अंगावर ओरडतात.' मी वाचते तोवर ओढणीच्या टोकानं पुसून पुढचं. 'शाळेनं मले ऑफिसात बसवलं. पोरं खिडकीतून पाहतात.' पुसलं. 'देवाले मीही' — आणि ते मी वाचायच्या आत पुसलं.

"थांब ना वं! देवाले काय? वाचू तं दे!" मी तिचा हात धरला. तिनं हिसकून घेतला. ती पुन्हा लिहीना, मी पुन्हा विचारलं, तिनं डोळे वटारले. दुपारभर असंच चाललं. ती भराभर लिहायची, पुसायची; मी मागे पडायची, चिडायची. ते वाक्य शेवटपर्यंत पुरं झालं नाही. माझ्या शुद्धलेखनावर मात्र तिनं अख्खी पाटी भरली.

अंधार पडायच्या सुमारास चर्चची मंडळी गात गात दाराशी आली. तिनं मान हलवली, मी येत नाही म्हणून. मी म्हटलं, "जाऊन उभी तं राहा." तिनं पाटीवर मोठ्ठं 'नाही' लिहिलं. बाहेर गाणं सुरू झालं. कोणीतरी सूर फार वर लावला होता. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचे गळे फाटले. तिच्या कपाळावर आठी पडली. पाय आपटत ती दारात गेली आणि पाटी उंच धरली. 'खाली घ्या.'

मंडळी थांबली. मग खालच्या सुरात पुन्हा सुरू झाली. तेही काही धड नव्हतं. तिनं माझ्याकडे वळून एक वैतागलेली नजर टाकली, चप्पल घातली आणि बाहेर पडली. हातानं ताल देत, कोणाच्या पाठीवर थाप मारत, ती त्यांच्याबरोबर पुढच्या गल्लीत शिरली.

यजमान म्हणाले, "स्वेटर नाही घेतला तिनं." तो खुंटीवरून काढून मी तिच्यामागे निघाले.