आरोपीच्या पिंजऱ्यातले तात्या

गिरणी चालू असली की मला फोन ऐकू येत नाही. त्या दिवशी पट्टा थांबवला आणि बघितलं, तर सांगलीतल्या विश्रामबागहून मंगलचे चार फोन येऊन गेलेले. मंगल म्हणजे बबनतात्यांची सून. "तात्या गेले," एवढंच म्हणाली. महिना होत आला, पण माझा राग काही उतरत नाही. एवढ्या लोकांना धीर देणाऱ्या माणसानं असं न सांगता उठून जावं का?

तात्या सांगलीच्या कोर्टातले निवृत्त शिपाई. त्यांची ओळख झाली ती माझ्या येडेपणामुळं. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा, तिच्या नवऱ्यानं जीव घेतला. त्याला घरातून बाहेर पडताना बघणारी मी एकटी. मी अडखळले तर तो सुटणार, असं सरकारी वकिलांनी तोंडावर सांगितलेलं. तारखेला मी मलकापूरहून जाऊन सकाळपासून व्हरांड्यात बसले. गर्दीत कुणीतरी माझं नाव पुकारलं. मग पुन्हा एकदा. मी जागची हलले नाही. रहिमतपूरजवळच्या माझ्या माहेरी लहानपणापासून शिकवण, की हाक मारणारा दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, पहिल्या दोन माणसाच्या नसतात. त्यात सुरेखा गेल्यापासून मला भलत्याच वेळी हाका ऐकू यायच्या. तिसरी हाक आलीच नाही. आठवड्यानं वॉरंट घेऊन पोलीस दारात!

मी तणतणत कोर्टात गेले आणि व्हरांड्यातच भांडण काढलं. बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला मात्र नाही. "ताई, हितली हाक जित्या माणसाची असती," म्हणाला. "पयलीलाच उठायचं." हेच तात्या. रिटायर झाल्यावरही रोज यायचे आणि भेदरलेल्या साक्षीदारांजवळ बसायचे. मी काय बघितलं ते त्यांना सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. ते फक्त जज्जसाहेबांना सांगायचं, पाठ करायचं नाही, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. मुद्देमालाचं सील फोडतील, सुरेखाची साडी बाहेर निघेल, तेव्हा वास येईल, पहिला श्वास तोंडानं घ्या, असंही त्यांनी सांगून ठेवलं.

मग मधल्या सुट्टीत ओळखीच्या शिपायाला सांगून त्यांनी मला रिकाम्या कोर्टात नेलं. मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि स्वतः समोर आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बघायला लागले. पापणी हलेना. ओठाचा एक कोपरा जरासा वर गेला, आणि आमचे तात्या त्या चेहऱ्यावरून निघूनच गेले. त्यांच्या कपड्यात दुसराच कोणीतरी उभा होता. "तात्या, बस करा," म्हटलं, तर त्या नावाला ओ आली नाही. मग त्याच चेहऱ्यानं ते बोलले, "माझ्याकडं बघू न्हका. सायबांच्या खुर्चीकडं बघा." मी कशीबशी मान वळवली. परत बघितलं तर तात्या टोपीनं घाम पुसत होते.

साक्षीच्या दिवशी मेव्हणा तसाच बघत राहिला. पण त्याहून वाईट मी आधीच बघून ठेवलं होतं. साडी निघाली, मी तोंडानं श्वास घेतला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. तात्यांनी फक्त जेवलात का, एवढंच विचारलं.

तेराव्याला विश्रामबागला गेले. मंगलनं मला त्यांच्या खोलीत बसवलं. खुर्चीसमोरच्या भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता, हार नसलेला. बघितला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला तो चेहरा आठवला. तीच नजर, तोच वर गेलेला ओठ.

"तात्यांचे वडील," मंगल म्हणाली आणि हळू आवाजात सगळं सांगत गेली. ह्या माणसानं तात्यांच्या आईला मारलं. बघणारे तात्या एकटेच, वय सतरा. कोर्टात बाप नुसता बघत राहिला आणि तात्या म्हणाले, मी काही बघितलं नाही. बाप सुटून घरी आला. पुढं वीस वर्षं तात्यांनी त्याला जेवायला वाढलं, एकदाही मान वर न करता. तो मेल्यावर हा फोटो त्यांनीच लावला आणि रोज सकाळी त्याच्यासमोर बसायला लागले. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, सराव करतोय.

मला त्या सतरा वर्षांच्या मुलासाठी रडू आलं. शेवटच्या दिवशीही तात्या इथंच बसले होते का, मी विचारलं.

"व्हय," मंगल म्हणाली. "चहा घिऊन आले तवा गेलेले हुते. पण मान वर हुती. डोळं मीच मिटिवलं."