शिडी धरणारे दौलतभाऊ

किन्हीराजा गावातल्या एका लग्नात दौलतभाऊ भर पंगतीतून उठले. पानात वरणभात तसाच, हात खरकटा. वाढपी बिचारा घाबरला. मुलीचा बाप धावत आला, "काय कमी पडलं का भाऊ?" यांचं लक्षच नाही. मांडवाबाहेर गेले, लिंबाखाली आडवी ठेवलेली आमची शिडी डाव्या हाताने ओढून पलीकडच्या सावलीत नेली, आणि परत येऊन पानावर बसत वरण मागितलं. "ऊन आलं होतं तिच्यावर," मला म्हणाले. मी मान वर केली नाही. समोरच्या ओळीतल्या बायकांना वाटलं, यांची कोणी आजारी म्हातारी बाहेर झोपवली आहे.

मी वाशिमजवळच्या मालेगावच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरमन. गावोगावचे रस्त्यावरचे दिवे, दुकानांचे बोर्ड, घराबाहेरच्या वायरी, अशी आमची कामं. मी चढणारा, दौलतभाऊ शिडी धरणारे. पूर्वी तेच चढायचे. पण कुठल्याशा गावात बांबूच्या शिडीची पायरी मोडली, ते खाली आले आणि एक गुडघा कायमचा गेला. तेव्हा आमच्या सेठजींनी ही फायबरची पिवळी शिडी आणली. फायबरमधून करंट येत नाही, म्हणून वायरमनला हीच लागते. शिडी आली, मी आलो, आणि दौलतभाऊ जमिनीवर आले. ते माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण मला "अबे सुध्या" याशिवाय कधी हाक मारली असेल तर शपथ.

बसणं हा प्रकार त्या माणसाला ठाऊकच नव्हता. चहा उभ्याने. जेवताना एक पाय हलतोय. बसस्टँडवर गाडीची वाट पाहायची तर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा, आणि दर फेरीला मला विचारणार, "येईन ना बे गाडी?" जसा काही मीच गाडी अडवून धरलीय! माझं डोकं उठायचं. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, कपाळावर हात मारून सांगायची, "झोपेतबी पाय चालवत राह्यते हा मानूस. माही गोधडी फाटली." पण शिडीच्या पायथ्याशी उभे राहिले की हाच माणूस खांबासारखा. दोन्ही हात शिडीला, पाय रोवलेला, आणि तोंड चालू. वर चढलेल्याला खाली बघता येत नाही ना, म्हणून ते बोलत राहायचे. सोयाबीनचा भाव, वहिनीची तक्रार, कुणाच्या पोरीचं लग्न. आवाज येतोय म्हणजे माणूस आहे. मध्येच मी विचारायचो, "भाऊ, हाये ना?" खालून उत्तर यायचं, "हाव ना बे! जाऊ कुठं?"

आमच्याकडचं ऊन कसं असतं हे मी काय सांगू! शिडी त्या उन्हात वर्षानुवर्षं राहिली. मोटरसायकलवर मी पुढे, दौलतभाऊ मागे, शिडीच्या पायऱ्यांमधून डोकं बाहेर काढून ती खांद्यांवर घेतलेली. किन्हीराजापासून अनसिंगपर्यंत आम्ही असेच फिरलो. पिवळा रंग आधी फिका पडला, मग पांढुरका झाला, चकाकी गेली, आणि एका उन्हाळ्यात तिच्या अंगातून बारीक तंतू बाहेर यायला लागले. हात लावला की टोचतात, दिसत नाहीत, आणि खाज अशी सुटते की माणूस चारचौघांत नाचेल. गवतातून चालल्यावर पायजम्याला कुसळं लागतात तशी. दौलतभाऊंनी शिडीच्या त्या रोगाला नावच ठेवलं. "शिडीले कुसय लागली बे, सुध्या."

ती कुसळं त्यांच्या दंडात, मानेत, सदऱ्यात. सदरा धुतला की घरादाराच्या कपड्यांत. वहिनीने घर डोक्यावर घेतलं. "त्या सवतीले बाहीर ठेवा नाहीतर मले ठेवा!" पण संध्याकाळी तीच बाई वायरीवरची काळी चिकटपट्टी घेऊन बसायची. त्यांच्या हातावर पट्टी चिकटवायची आणि फर्रकन ओढायची. कुसळं पट्टीला येत, सोबत दंडावरचे केस. दौलतभाऊ ओरडायचे. ती म्हणायची, "अजून धरा शिडी."

तर शिडीची सेवा सुरू झाली. साबणाच्या पाण्याने धुवायची, ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायची, वाळली की पारदर्शक वार्निशचा हात द्यायचा, म्हणजे कुसळं आत दबून बसतात. वहिनीच्या जुन्या पातळाची खोळ शिवली. आणि रोज सकाळी वाजवून बघायची. बाजारात बाया मडकं घेताना बोटाने वाजवतात ना, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे, तसे ते शिडीच्या उभ्या दांड्यांवर खालपासून वरपर्यंत बोटाच्या गाठीने ठोकत जायचे, डोळे मिटून. मग म्हणायचे, "चढ." हा एवढा शब्द मिळाल्याशिवाय मी चढत नसे.

चुकायचेही, आणि चुकले की जोरात चुकायचे. एका दसऱ्याला हत्यारांच्या पूजेसाठी शिडी नटवायची म्हणून यांनी लोखंडी खांबांचा उरलेला चांदी कलर तिला फासला. वर हळदीकुंकू, आपट्याची पानं, झेंडूचा हार. "पाय कशी नवरीवानी दिसून राह्यली!" मी म्हटलं, "भाऊ, नवरी दिसते खरं, पन त्या कलरात अल्मिनमची भुकटी असते. वायरीले लागली त नवरी मलेच घेऊन जाईन." त्यांचा चेहरा उतरला. शिवाय रंगाखाली तडे झाकून गेले, ते वेगळंच. मग दिवाळीपर्यंत काचेच्या तुकड्याने तो रंग खरवडत बसले. बसले म्हणजे काय, उभेच. स्वतःलाच शिव्या देत होते, आणि मध्ये मी हसलो तर मलाही.

त्यांचा एक शब्द होता, 'धकते'. म्हणजे चालून जातं, भागतं. चपलेचा अंगठा तुटला, धकते. चहात दूध नाही, धकते. गुडघा सुजला, "धकते रे, कोनाले कुस्ती खेयाची हाये!" सगळं जग त्यांच्या लेखी धकत होतं. फक्त शिडीबद्दल हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. तिथे एकतर 'चढ', नाहीतर 'नको चढू'.

मग सेठजींनी नव्या शिडीचं काढलं. माणूस वाईट नव्हता हो. त्याने वाशिमला एक शिडी पाहिली होती, तीही फायबरचीच, पण चार पायांवर आपली आपण उभी राहणारी. दौलतभाऊंनी एकच विचारलं, "धरा लागत नाही?"

"नाही लागत. एकटा सुधाकर पुरे," सेठजी म्हणाले. "तुमी आता दुकानात बसत जा भाऊ. पंख्याखाली."

"बसू?" दौलतभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांना कुणी विहिरीत उडी मारायला सांगितलं.

सेठजींना दया आली असावी. म्हणाले, "घाई नाही. जुनी चालते तवरोक चालवा. ज्या दिवशी तुमी म्हनसान गेली, त्या दिवशी नवी आनू." बोलायला सोपं! दया करायला गेला आणि त्या माणसाच्या गळ्याला फास लावला. शिडी गेली असं ज्या तोंडाने म्हणायचं, त्याच तोंडाने आपलंही काम गेलं असं म्हणायचं होतं. आणि त्या शिडीवर लटकणार होतो मी.

त्या दिवसापासून दौलतभाऊंची बेचैनी शिडीच्या पायथ्याशीही आली. मी वर, आणि खाली हे पाय बदलतायत. शिडीला ते जाणवतं, मला ते जाणवतं. बोलता बोलता गप्प व्हायचे. सकाळचं वाजवणं लांबत गेलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकायचे, कान लावायचे, खोळ घालायचे, परत काढायचे. मी विचारलं, "भाऊ, काही हाये का?" तर अंगावर आले, "तुले मी चढ म्हनलं ना? मंग चढ ना बे! कायले डोकं खातं?" मलाही रात्री डोळा लागेना. घरी माझी लहान पोरगी. पण त्यांचा 'चढ' मिळाला की मी चढायचो. दुसऱ्या कुणाचं ऐकून चढलो नसतो, हे मात्र खरं.

अनसिंगला भागवत सप्ताह बसणार होता. चौकातले दिवे बंद, सरपंच स्वतः येऊन उभे, मांडववाले उभे, बघायला निम्मं गाव. ऊन तापलेलं. दौलतभाऊंनी शिडी लावली, खालून वर वाजवत गेले, हात पोचेल तिथवर. एका जागी थांबले. परत ठोकलं. लोक म्हणू लागले, "अहो, दिवा लावता का भजन करता?" मी कमरेला पट्टा बांधला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. लिंबाच्या शेंड्याकडे बघत होते.

"धकते," ते म्हणाले.

मी चढलो. शब्द कानात शिरला, पण डोक्यात पोचायला वेळ लागला. तीन-चार पायऱ्या झाल्या असतील, तोच खालून पट्ट्याला असा हिसका बसला की मी त्यांच्या अंगावरच आलो. दोघं धुळीत. लोक हसले. माझं टाळकं सटकलं. "पागल झाले का भाऊ? मारता का मले?"

"हाव, मारत होतो," ते म्हणाले. उठताही येईना त्यांना, गुडघा तसलाच. धुळीत बसूनच शिडी ओढून आडवी केली, उभ्या दांड्याची मागची बाजू वर केली. मधल्या पायरीपाशी पांढरी रेघ, केसाएवढी. अंगठ्याने दाबली तर उघडली आणि बारीक करकरली. "पंधरा दिसापासून बद्द वाजून राह्यली. मी मनाले समजावत होतो, कान गेले आपले म्हून." मग माझा दंड धरला. "मी धकते म्हनलं तुले. आयकलं ना तू? तरी चढला! काहून चढला बे? तुह्या पोरीले काय तोंड दाखवलं असतं मी?"

माझा राग कुठे गेला, कळलं नाही.

गर्दीतला एक शेतकरी पुढे आला. आमच्याकडे काही फेकायची पद्धत नाही. म्हणाला, "भाऊ, तुमच्या कामाची नसन त आमाले द्या. भुश्या-कुटाराच्या ढिगावर चढाले धकते." बस! दौलतभाऊ उठलेच. "कोन चढन? तू का तुहा पोरगा?" पिशवीतून पाइप कापायची हॅक्सॉ काढली, दुपट्टा तोंडाला बांधला आणि शिडी कापायला लागले. पांढरी धूळ उडाली, दोन्ही हातांवर बसली. मी म्हटलं, "द्या, मी कापतो." तर म्हणाले, "तू सरक." सरपंच म्हणाले, "अहो, आमचे दिवे?" हॅक्सॉ चालूच. शिडीचे असे तुकडे केले की त्यातल्या एकावरही कुणाला पाय ठेवता येऊ नये. मग सेठजींना फोन लावला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सेठ, गेली. नवी आना."

नवी आली. दुसऱ्या दिवशी अनसिंगचे दिवे लागले. दौलतभाऊंनी दुकानात बसायचा प्रयत्न करून पाहिला. पण गिऱ्हाईक बल्ब मागायला आलं की हे त्याला बल्ब देऊन रस्त्यापर्यंत पोचवायला जायचे. आठवडाभरात सेठजींना हात जोडले आणि काम सोडून आपल्या गावी, किन्हीराजाला घरी गेले.

मला करमेना. पुढच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. ते अंगणात येरझारा घालत होते, वहिनी चहा घेऊन मागे मागे. मी सरळ सांगून टाकलं. "भाऊ, नवी शिडी जराबी हालत नाही. पन वर गेलो की मले भेव वाटते. खाली कोनीच नसते."

ते थांबले. "पयले वाटत नव्हतं?"

"नाही."

"मंग पयलेच चुकत होतं तुहं. आपलं भेव दुसऱ्याच्या हातात देऊन चढत होता तू." चहाचा कप घेतला, एक घोट घेतला. मग मिश्किल हसले. "वाटू दे भेव. ज्या दिवशी वाटनं बंद होईन ना, त्या दिवशी मले फोन कर. मी येतो धराले."

तो माणूस झोपेत गेला. दौलतभाऊ, आणि झोपेत! वहिनी म्हणाली, सकाळी गोधडी जागची हललेली नव्हती, तेव्हाच तिला कळलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

मी अजून चढतो. पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय परत खाली घेतो, एकदा दांडा वाजवून बघतो, मग चढतो. दुकानातली पोरं हसतात, "सुधाकरभाऊ, इतके वर्स झाले, अजून भेता?" हो, भितो बाबांनो. भीती गेली तर त्यांना फोन करावा लागेल, आणि आता तो कुठे करू?